पुढची चाकं ओढतात, मागची ढकलतात: हिवाळ्यात घाट, चिखल आणि बर्फात कोणती गाडी कशी चालवायची

सातारा-सांगलीकडच्या माणसाला हिवाळ्यात गाडीचा हा प्रश्न दोन वेळा पडतो. एकदा पहाटे पसरणीचा किंवा केळघरचा घाट चढताना आणि उसाच्या फडातून गाडी बाहेर काढताना. दुसऱ्यांदा, जानेवारीत सहकुटुंब मनाली नाहीतर गुलमर्ग गाठायचं ठरतं तेव्हा. विचारणा एकच असते: फ्रंट व्हील ड्राइव्ह बरी की रिअर व्हील ड्राइव्ह? पारावर उत्तर एका दमात मिळतं, ‘बर्फात फ्रंट, घाटात रिअर.’ ते अर्धंच खरं आहे. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांच्यावर त्या क्षणी किती वजन आहे, यावर सगळं ठरतं. आणि हे वजन गाडी भरली की बदलतं, चढ लागला की बदलतं.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकू. फ्रंट-रिअरचा फरक जागेवरून निघताना आणि चढताना जाणवतो, थांबताना जवळजवळ नाही. ब्रेक चारही चाकांना असतात. निसरड्या रस्त्यावर चढता आलं नाही तर माणूस अडकतो, एवढंच. थांबता आलं नाही तर दरी असते.

आपली गाडी कोणती, हे आधी बघा

मारुती ८०० पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात: अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, बलेनो, आय टेन, आय ट्वेंटी, नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा, अर्टिगा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सुमो, टवेरा, क्वालिस, इनोव्हा क्रिस्टा, ओम्नी, ईको आणि सगळ्या पिकअप.

गोंधळ होतो तो एकाच नावाच्या गाड्यांत. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, तर इनोव्हा हायक्रॉस पुढच्या. जुनी सफारी मागची, २०२१ नंतरची नवी सफारी पुढची. थार दिसली की लोक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, गृहीत धरतात, पण फोर बाय टू थार फक्त मागची चाकं फिरवते. फोर बाय टू फॉर्च्युनरचंही तसंच. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या, बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, मागच्या चाकांवर आहेत. नेक्सॉन ईव्ही पुढच्या.

खात्री करायची असेल तर गाडीखाली वाका. मधोमध लांब प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागं नेणारा दांडा, मागच्या आसापर्यंत गेलेला दिसला तर मागची चाकं फिरतात. शाफ्ट नाही, आणि पुढच्या दोन्ही चाकांत गिअरबॉक्समधून रबरी बूट लावलेले आखूड शाफ्ट जातायत, तर पुढची. इलेक्ट्रिक गाडीला ही खूण लागू नाही, तिथं मॅन्युअलच बघा.

वजनाचा हिशोब

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळं पुढं. रिकाम्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येतं. एकटा ड्रायव्हर बसून निघाला तर ही गाडी निसरड्यावर छान ओढते.

आता हीच गाडी भरा. ९०० किलोची छोटी गाडी धरू: पुढं ५४० किलो, मागं ३६०. पुढच्या सीटवर दोन माणसं, त्यांचे १४० किलो दोन्हीकडं सारखे वाटले जातात. मागच्या सीटवरच्या तिघांचे २१० किलो. त्यातले जेमतेम ४० पुढं पोचतात. डिकीत ६० किलो सामान, ते मागच्या आसाच्याही मागं असल्यानं पुढचा भाग किंचित उचलूनच धरतं. बेरीज केली तर १,३१० किलोंपैकी पुढच्या चाकांवर ६४७ राहतात. म्हणजे ६० टक्क्यांवरून ४९ वर आलो. वर १० टक्क्यांचा चढ लागला की अजून दोनेक टक्के मागं सरकतात.

मागच्या चाकांच्या गाडीचं नेमकं उलटं. रिकाम्या क्रिस्टा-स्कॉर्पिओवर मागं निम्म्याहून थोडं कमी वजन असतं, सात माणसं आणि सामान चढलं की निम्म्याहून जास्त, आणि चढ त्यात भरच घालतो. म्हणूनच भरलेली बोलेरो केळघर घाटात मजेत चढते आणि तीच रिकामी पिकअप दवानं ओल्या झालेल्या मातीच्या चढावर मागचं चाक भिरभिर फिरवत बसते.

बर्फावर हा फरक किती?

कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.७ ते ०.८ धरतात. ओल्या डांबरावर ०.५ च्या आसपास, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ आणि गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहून कमी. चढण्याची ताकद म्हणजे ही पकड गुणिले ताकदीच्या चाकांवरचं वजन. घट्ट बर्फावर एकट्या ड्रायव्हरची फ्रंट व्हील गाडी साडेअकरा टक्क्यांचा चढ चढेल, पाच जण बसलेली तीच गाडी साडेनऊ. क्रिस्टा रिकामी असेल तर साडेनऊ-दहा, भरलेली असेल तर साडेअकरा.

घाटातल्या मुख्य रस्त्याचा चढ बहुतेक ठिकाणी ५ ते ७ टक्के ठेवलेला असतो. म्हणजे घट्ट बर्फावर या चारही गाड्या कागदावर तरी चढतात. आणि काचेसारख्या बर्फावर? ०.१ गुणिले ६० टक्के म्हणजे ६. तिथं चारही गाड्या अडकतात. फ्रंट की रिअर याचा निकाल लागतो तो मधल्या जागांवर: वळणाच्या आतल्या कडेला, जिथं चढ अचानक वाढतो; ताज्या, न दबलेल्या बर्फात; आणि सगळ्यात जास्त हॉटेलच्या रॅम्पवर, जो कुणाच्याच नियमात बसत नाही. मनालीकडची खोली ठरवताना पार्किंगचा रस्ता किती उभा आहे हे फोनवर विचारून घ्या. गिझरपेक्षा तो प्रश्न महत्त्वाचा.

फ्रंट व्हील गाडी रॅम्पवर अडली, मागं माणसं बसलेली असली, तर त्यांना उतरवा आणि सामानही काढा. तरी चढली नाही तर रस्ता मोकळा बघून गाडी वळवा आणि रिव्हर्समध्ये चढवा. रिव्हर्समध्ये फिरणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर सरकतं. मागं बघायला एक माणूस बाजूला उभा करा, गाडीच्या रेषेत नको. रिअर व्हील गाडीला ही युक्ती उलटी पडते. ती नाक वर करूनच चढवायची, मागच्या सीटवर माणसं बसवून.

उतारावर दोन्ही सारख्याच, म्हणजे सारख्याच वाईट

४० किमी वेगानं कोरड्या सपाट डांबरावर ब्रेक मारला तर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. घट्ट बर्फावर ३१, गोठलेल्यावर ६३ मीटर. यात ड्रायव्हरचा भानावर येण्याचा वेळ धरलेला नाही. ७ टक्क्यांच्या उतारावर गोठलेला पट्टा असेल तर ३० किमी वेगालाही शंभर मीटरहून जास्त लागतात. ताशी ३० वेग तिथं जोरातच म्हणायचा. फोर बाय फोरवाल्यांनी हे जरा जास्त ध्यानात ठेवावं, कारण त्यांना चढताना काहीच त्रास होत नाही आणि त्यामुळं उतरताना रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच आलेला नसतो.

आपल्याकडं घाट उतरताना गिअरमध्ये ठेवून उतरायची सवय चांगली आहे, पण बर्फावर तिच्यातही एक मेख आहे. इंजिनाचा रोध फक्त फिरणाऱ्या चाकांवर लागतो. रिअर व्हील गाडीत तिसऱ्यावरून एकदम पहिल्यात टाकून क्लच सोडला, तर मागची चाकं हँडब्रेक ओढल्यासारखी अडखळतात आणि शेपूट बाहेर जातं. फ्रंट व्हील गाडीत तेच केलं तर पुढची चाकं घसरतात आणि स्टीअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. म्हणून उतार लागायच्या आधी, सपाटीवर, एकेक गिअर खाली घ्या आणि क्लच हळू सोडा. गिअर टाकल्यावर घसरण जाणवली तर क्लच पूर्ण दाबा. चाकं पुन्हा मोकळी फिरू लागतात आणि पकड परत येते.

इलेक्ट्रिक गाडीत ऊर्जा परत घेणारा ब्रेक असाच फक्त ताकदीच्या चाकांवर लागतो. बर्फाच्या उतारावर तो सर्वात कमी पातळीवर ठेवा, विशेषतः गाडी मागच्या चाकांची असेल तर.

घसरलीच तर

फ्रंट व्हील गाडी सहसा नाकानं घसरते: वळवूनही वळत नाही. हात आपोआप स्टीअरिंग अजून फिरवतात, ते चुकतं. अॅक्सिलरेटरवरचा पाय हळू काढा, स्टीअरिंग थोडं सरळ करा, टायर पकडू द्या, मग पुन्हा वळवा. पाय एकदम काढला तर वजन पुढं झेपावतं आणि फ्रंट व्हील गाडीचंही शेपूट फिरू शकतं. ‘फ्रंट व्हील गाडी फिरत नाही’ या समजुतीवर विसंबू नका.

रिअर व्हील गाडी मागून घसरते. पाय हळू काढा, नजर जायचं आहे तिकडं ठेवा आणि शेपूट ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला स्टीअरिंग द्या. गाडी सरळ व्हायला लागली की स्टीअरिंग लगेच परत आणा. बहुतेकांची गाडी पहिल्या घसरणीत जात नाही, उलट्या झोकात जाते, कारण हात परत यायला उशीर होतो.

एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ब्रेक दाबून धरा. पॅडल पायाखाली थरथरलं, आवाज आला, म्हणून पाय काढायचा नाही. एबीएस नसेल तर ब्रेक दाबत-सोडत राहा. घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा कायम चालू ठेवा. फक्त खोल बर्फातून किंवा चिखलातून जागेवरून निघताना गाडी ताकदच देत नसेल, तर चाक फिरलं की ताकद तोडणारं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून बाहेर या आणि लगेच चालू करा.

आपल्याकडचा हिवाळा: दव, धुकं आणि उसाचा हंगाम

महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात काही पहाटे दव गोठतं. ते गवतावर आणि गाड्यांच्या टपावर दिसतं; डांबर रात्रभर ऊब धरून असल्यानं रस्त्यावर क्वचितच. फोटो बघून रस्ता गोठला असेल असं समजायचं कारण नाही. काचेवरचं हिम मात्र गरम पाण्यानं काढू नका, काच तडकते. इंजिन चालू करा, हवा काचेकडं वळवा, हीटर वाढवा आणि एसीही लावा. एसी हवेतला ओलावा काढतो. हवा बाहेरची घ्या. आतलीच फिरवत ठेवली तर चार माणसांच्या श्वासानं काच पुन्हा धुरकट होते.

इथला खरा निसरडेपणा गळीत हंगामात येतो. कारखाने सुरू झाले की कराड, वाळवा, पलूस, कडेगावच्या रस्त्यांना शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर काळ्या मातीचा लगदा आणतात. पहाटेच्या दवानं तो ओला झाला की डांबरावर साबण पसरल्यासारखा होतो. त्यात पाचट आणि सांडलेला ऊस. पाणंद डांबरी रस्त्याला मिळते तिथं हा पट्टा हमखास असतो आणि बहुतेक वेळा वळणाच्या तोंडाशीच. ब्रेक पट्ट्याच्या आधी मारा, पट्ट्यावर मोकळं जाऊ द्या. रिकाम्या पिकअपनं किंवा ईकोनं इथं वळता वळता अॅक्सिलरेटर दिला तर मागचं चाक निसटणार.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडं उतरताना लागणारं इंग्रजी एस आकाराचं वळण सगळ्यांना माहीत आहे. तिथंही नियम तोच: वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर उतरवा. वळणात ब्रेक आणि गिअर दोन्ही एकदम नको.

धुक्यात लाइट डिपरवर ठेवा, अप्परचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यात येतो. वेगाचा हिशोब असा: ओल्या रस्त्यावर ६० च्या वेगानं, दीड सेकंद भानावर यायला धरून, थांबायला ५० मीटरहून थोडं जास्त लागतात. ४० ला ३० मीटरच्या आत. पुढचं ५० मीटरवरचं दिसत असेल तर ४० हा वेग. मागचा लाइट नसलेली उसाची जोड-ट्रॉली रस्त्यात पंक्चर होऊन उभी असते, हे गृहीत धरूनच चालवायचं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही.

विटा-आटपाडीकडचे गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातले लोक उत्तरेतून गाडीनं गावाकडं येतात, त्यांना दिल्ली-पंजाबकडचं डिसेंबरचं धुकं ठाऊकच आहे. तिथं हाच हिशोब २० मीटरवर येतो आणि वेग २५-३० च्या वर ठेवण्यात अर्थ नसतो. त्या पट्ट्यात पहाटे चारला निघण्यापेक्षा ऊन पडल्यावर दहाला निघालेला माणूस पुष्कळदा आधी पोचतो.

फडात किंवा पाणंदीत रुतली तर

काळ्या रानात एकदा चाक जोरानं फिरलं की ते खड्डा करतं आणि टायरच्या खाचा मातीनं भरून टायर गुळगुळीत होतो. म्हणून पहिल्यांदा चाक फिरलं की थांबा.

स्टीअरिंग सरळ करा. वळलेली चाकं स्वतःच बांध घालतात. फिरणाऱ्या चाकांपुढची माती उतरती खोदा आणि पाचट टाका, फडात त्याला तोटा नाही. पाचट ताकदीच्या चाकांखाली हवं: स्विफ्टला पुढच्या, बोलेरोला मागच्या. निम्मी मेहनत चुकीच्या चाकाखाली जाते. त्याच चाकांतली हवा ३३ वरून १८-२० पीएसआयवर आणा. १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून सुटू शकतो. दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ रेस न देता, क्लच सावकाश सोडा. फ्रंट व्हील गाडीतून मागच्या सीटवरचे उतरवा आणि शक्यतो रिव्हर्सनं, आलात त्याच चाकोरीतून बाहेर या. रिअर व्हील गाडीत उलट माणसं मागं बसवा, आत, बंपरवर उभी नाही.

रिअर व्हील गाडीत एकच चाक फिरत असेल तर साध्या डिफरेन्शियलमुळं सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडं जाते. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून अॅक्सिलरेटर हळू द्या. मोकळं चाक जड झालं की दुसऱ्याकडं ताकद वळते. गाडी हलली की हँडब्रेक सोडा, नाहीतर लायनर जळेल. फ्रंट व्हीलला हे चालत नाही, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो.

ट्रॅक्टर बोलावला तर दोर हुकालाच बांधा. सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बंपरला बांधून ओढलेल्या गाड्यांचं अलाइनमेंट पुढं महिनाभर बसत नाही. बाहेर आल्यावर गाडीखाली बघून सायलेन्सरजवळ अडकलेलं पाचट हातानं काढा. वाळलेलं पाचट आणि तापलेला सायलेन्सर एकत्र आले की आग लागते. मग हवा परत भरा.

टायर: इथं पैसा घाला

चांगले टायर लावलेली रिअर व्हील गाडी गुळगुळीत टायरच्या फ्रंट व्हील गाडीपेक्षा केव्हाही बरी. कायद्यानं खाच १.६ मिमी चालते. बर्फात जायचं तर ४ मिमी हवी. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षं उलटलेला टायर खाच शिल्लक असली तरी थंडीत लाकडासारखा होतो. साधारण ७ अंशांच्या खाली आपले नेहमीचे टायर कडक पडायला लागतात. हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असते. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं म्हणजे हिवाळी टायर नव्हे.

दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागं टाका, गाडी कोणतीही असो. फ्रंट व्हीलवाल्यांना हे पटत नाही, दुकानदारही बऱ्याचदा पुढं टाकून देतो. पण पुढचा टायर सुटला तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरते. मागचा सुटला तर गाडी फिरते. ही वेळ येऊ नये म्हणून फ्रंट व्हील गाडीचे टायर दर ८-१० हजार किमीला अदलाबदल करा, तिचे पुढचे लवकर झिजतात.

हवा थंडीनं उतरते, दर साडेपाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. सांगलीत दुपारी ३२ अंशांना ३३ भरलेली हवा मनालीत पहाटे उणे ४ ला, उंचीमुळं मीटर थोडं जास्त दाखवत असला तरी, ३० च्या आसपास दाखवते. पंक्चर समजू नका. तिथं सकाळी, गाडी हलवण्याआधी, कंपनीनं सांगितलेल्या आकड्यावर आणा.

उत्तरेकडं निघण्याआधी गॅरेजमध्ये

कूलंट पहिलं. उन्हाळ्यात होज फुटला तेव्हा मेकॅनिकनं नुसतं पाणी भरलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. पाणी गोठून फुगलं तर रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही जातात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं. वायपरच्या बाटलीतलं पाणी काढून न गोठणारं वॉशर द्रव भरा.

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. १२.२ म्हणजे अर्धी. ती इथं गाडी चालू करते, मनालीपलीकडं केलाँगला करणार नाही.

डिझेल गाडीवाल्यांनी टाकी भरून वर जाऊ नका. कडक थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होऊन फिल्टर चोंदतो. म्हणूनच इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. मैदानी भागातलं डिझेल शक्य तेवढं संपवून डोंगरातल्या पंपावर भरा.

फ्रंट व्हील गाडीत शाफ्टचे रबरी बूट तपासा. फाटून ग्रीस उडालेलं असेल, पूर्ण वळवल्यावर कट-कट आवाज येत असेल तर जॉइंट आताच बदला. रिअर व्हील गाडीत प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारून घ्या.

रिकामी पिकअप किंवा ईको न्यायची असेल तर वाळूची दोन-तीन पोती, प्रत्येकी ४०-५० किलोची, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढं ठेवून करकचून बांधा. फळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग जातं. वाळूच घ्या, खताचं पोतं नको. अडकलात तर वाळू चाकाखाली टाकता येते.

चेन

बर्फ पडल्यावर सोलंगच्या वाटेवर किंवा टंगमर्गवरून गुलमर्गला वर जाताना फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, असं अनेकदा होतं. चेन ताकदीच्या चाकांना लावायची: फ्रंट व्हीलला पुढं, रिअर व्हीलला मागं. फोर बाय फोरला कुठं, ते मॅन्युअल सांगेल.

१. टायरवरचा आकडा, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५, चेनच्या खोक्यावर आहे का बघा. घरी अंगणात एकदा लावून काढा. फ्रंट व्हील गाडीत आतल्या बाजूला टायर आणि शॉकअब्झॉर्बरमध्ये जागा कमी असते. चेन लावून स्टीअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवा, कुठं घासत नाही ना ते पाहा.

२. अडकायच्या आधी, सपाट आणि रुंद जागी थांबा. हँडब्रेक लावा, दुसऱ्या चाकांना दगड लावा. हातमोजे घाला, ओल्या लोखंडाला बोटं बधिर होतात.

३. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. हुकाची तोंडं टायरकडं नकोत, बाहेर हवीत.

४. टायरवरून टाका, आधी आतला हुक लावा, मग बाहेरचा, मग ताणायची साखळी.

५. ५०-१०० मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा. ही पायरी लोक गाळतात आणि सैल चेन ब्रेकच्या पाइपावर किंवा एबीएसच्या वायरवर आपटते.

६. वेग ३० च्या आत. चाक जागेवर फिरवू नका.

७. डांबर दिसलं की काढा. कोरड्या रस्त्यावर कड्या तुटतात.

चेन दोनच चाकांना असल्यानं गाडीचा स्वभाव बदलतो. फ्रंट व्हीलला पुढं चेन असली की नाक घट्ट धरतं, पण उतारावर ब्रेक मारला की मागची मोकळी चाकं पुढं यायला बघतात. रिअर व्हीलला मागं चेन असली की चढते जोरात, पण वळणावर पुढची चाकं घसरून सरळ जाते. चारही चाकांना चेन हा यावरचा एकच पक्का उपाय. दोनच असतील तर उतार आणि वळण माणूस चालेल त्या वेगानं.

सावलीतली वळणं आणि पूल यांच्याकडं खास लक्ष ठेवा. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी तिथं पुन्हा गोठतं, आणि तो पातळ थर नुसत्या ओल्या डांबरासारखा काळा दिसतो. मनालीपुढच्या अटल बोगद्याच्या नऊ किलोमीटरमध्ये कोरड्या रस्त्याची सवय लागते. बाहेर पडताना वेग आतच कमी करा.

मुक्कामाला आणि परतीला

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. ड्रमात किंवा केबलमध्ये शिरलेलं पाणी गोठलं की सकाळी मागची चाकं सुटत नाहीत. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्समध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि चाकांना दगड. वायपर काचेवरून उचलून ठेवा. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा. सकाळी सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना हे पाहूनच इंजिन चालू करा, कारण बुजलेलं असेल तर धूर गाडीत येतो. काच बंद करून हीटर लावून झोपणं तर नकोच.

परतताना हवेचं विसरतात. मनालीच्या थंडीत ३३ वर आणलेले टायर राजस्थान ओलांडून सांगलीच्या दुपारी येईपर्यंत ३६-३७ किंवा त्याहून जास्त दाखवतात. मैदानात उतरल्यावर पहिल्या मुक्कामी, सकाळी टायर गार असताना, जादा हवा काढून टाका, आणि घरी आल्यावर चेन गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवूनच पोत्यात घाला.